सहा स्क्रू आणि दस्तगीर मिस्त्री

दस्तगीर मिस्त्री रेडिओ दुरुस्त करायचे, पण त्यांच्या खिशात स्क्रू ड्रायव्हर कधी नसायचा. असायची ती बांबूची एक काडी. पेन्सिलीएवढी लांब, टोकाला पाचरीसारखी तासलेली, वापरून वापरून तेलकट झालेली. ती ते कुणाच्या हातात देत नसत. मला मात्र त्यांनी ती एकदा दिली. तेवढ्यासाठी तरी मला त्यांच्याविषयी लिहायला हवं.

त्यांचं दुकान सांगलीत गणपती पेठेच्या मागच्या गल्लीत, एका हळदीच्या गोदामाच्या माडीवर होतं. खाली पोती उतरत आणि वर धूळ चढे. उघडून ठेवलेल्या रेडिओंच्या पोटात पिवळा थर बसायचा. मिस्त्री तो कोंबडीच्या पिसाने झाडत आणि म्हणत, "आमच्याकडं आलेल्या सेटाला हळद लागल्याशिवाय तो नांदाया जात न्हाई." पाटी नव्हती. पत्ता विचारला तर हमाल वर बोट दाखवायचे.

मूळ गाव मिरज, आणि घराणं तंबोरे करणाऱ्यांचं. वडील भोपळा निवडायचे, थोरला भाऊ पीरमहंमद दांडी बसवायचा आणि दस्तगीरकडे लहानपणापासून जवारीचं काम. तंबोऱ्याच्या घोडीवर तार टेकते ती जागा कानशीने इतकी हलकी घासायची, की तार नुसती वाजून थांबत नाही, गुणगुणत राहते. केसाएवढं जास्त घासलं की तार बसते आणि घोडी फुकट जाते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवून नेमकी जागा शोधतात. हे काम डोळ्यांचं नाही, कानाचं.

बावीस वर्षांचे असताना ते एका डॉक्टरांकडे तंबोरा पोचवायला गेले. तिथे पुण्याहून आलेला एक मेकॅनिक डॉक्टरांचा मोठा रेडिओ उघडून बसला होता. त्याने आतल्या एका डबीत काडी घालून जरासं फिरवलं, आणि धुक्यातून माणूस पुढे यावा तसा गाण्याचा आवाज पुढे आला. "मी म्हटलं, ही तर जवारी," मिस्त्री सांगायचे. तंबोरा तिथेच ठेवून ते त्या माणसाच्या मागे पुण्याला गेले आणि तीन वर्षांनी मेकॅनिक होऊन सांगलीत आले. भाऊ बरीच वर्षं नीट बोलला नाही. "लाकडातला माणूस, पत्र्याच्या डबीत घुसला," एवढंच तो सगळ्यांना सांगायचा.

माझी त्यांची ओळख एकाहत्तरच्या डिसेंबरात झाली.

आमचा मुलगा दिनकर तेव्हा लेफ्टनंट होता, पश्चिमेच्या आघाडीवर. युद्ध थांबलं, रस्त्यात पेढे वाटले गेले, आणि चौथ्या दिवशी सोमवारी आमच्याकडे तार आली. अकरा तारखेपासून बेपत्ता. त्या एका शब्दावर काही करता येत नाही. रडायचं की नाही तेही ठरत नाही. आमचे हे कॉलेजात गणित शिकवायचे. तार वाचून त्यांनी ती घडी घालून पुस्तकात ठेवली आणि चपला न घालता अंगणात फिरत राहिले.

मंगळवारी कुणीतरी सांगितलं, की सीमेपलीकडच्या एका केंद्रावरून रोज संध्याकाळी आपल्या पकडलेल्या जवानांची नावं वाचतात. नाव, बापाचं नाव, गाव. आमच्याकडे तीन बँडचा ट्रान्झिस्टर होता. दिवसा ते केंद्र लागायचं नाही, अंधार पडला की यायचं. पण त्याच्या अगदी शेजारी आपलंच एक दांडगं केंद्र होतं आणि त्याच्या आवाजाखाली ती नावं वाहून जायची. ‘वल्द’, म्हणजे अमक्याचा मुलगा, एवढं ऐकू यायचं आणि पुढे सनई. तीन संध्याकाळी मी रेडिओला कान लावून बसले. तीन संध्याकाळींत एकही नाव पुरतं कळलं नाही.

माझा स्वभाव असा, की दाराची कडी लावून मी पुन्हा जाऊन बघते. स्टोव्ह विझवला तरी उठून हात धरून बघते. घरातली ढिली वस्तू मला सोसत नाही. शुक्रवारी दुपारी हे कॉलेजात गेले असताना मी रेडिओचं मागचं झाकण काढलं. आत पत्र्याच्या चौकोनी लहान लहान डब्या होत्या आणि प्रत्येकीच्या डोक्यावर एक रंगीत स्क्रू. एक पिवळा, एक पांढरा, एक काळा आणि तीन लाल. मी शिवणयंत्राचा स्क्रू ड्रायव्हर लावून बघितला. सहाच्या सहा ढिले. मला इतकं बरं वाटलं, की काय सांगू. म्हटलं, सापडला रोग. मी एकेक करून सगळे आवळले. काळा जरा अडला, म्हणून जोर लावला. आत बारीकसं ‘टक’ झालं.

झाकण लावून रेडिओ चालू केला. सांगली केंद्रही लागेना. सगळीकडे नुसती वाफ सुटल्यासारखा आवाज.

मी तो पदराखाली धरून रिक्षाने गणपती पेठेत गेले. मिस्त्री जुम्म्याच्या नमाजाला गेले होते. मी जिन्यावर बसून राहिले. परत आल्यावर त्यांनी मला वर नेलं, घागरीतलं पाणी दिलं आणि विचारलं, "काय झालं सेटाला, वैनी?"

"आपोआप बंद पडला," मी सांगितलं.

बी.ए. झालेली बाई होते मी, आणि पाचवीतल्या मुलीसारखी खोटं बोलले. मिस्त्रींनी झाकण काढलं, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि बराच वेळ आत बघत राहिले. मग इतकंच म्हणाले, "आपोआप लय झालंय."

मी दिनकरचं सांगितलं. ती तार, ते केंद्र, ते शेजारचं दांडगं केंद्र. ते ऐकताना त्यांचा हात थांबला. मग त्यांनी मला समजावलं, आणि त्यांच्यासारखं ते मला पुढे कुणीच समजावलं नाही.

"वैनी, ह्या खोलीत आत्ता किती माणसं बोलत्यात ठावं हाय? मुंबई बोलतीय, मद्रास बोलतीय, सिलोन गातंय. सगळी एकदमच. हवेत भिंत नसती. मग आपल्याला एकच का ऐकू येतं? तर ह्या डब्या. ह्या गाळण्या हायत. पिवळी, पांढरी, काळी, तिन्ही एकामागं एक. तिघींचा सूर एक असंल तर पाहिजे तेवढंच खाली उतरतं, बाकीचं वर ऱ्हातं. ह्या तीन लाल स्टेशनं ज्याच्यात्याच्या जागेवर बसवत्यात."

"मग ते स्क्रू ढिले का ठेवतात?"

"ढिले नसत्यात त्ये. लावलेले असत्यात. तंबोऱ्याची खुंटी आवळत नेली तर सूर लागतो व्हय? तार तुटती."

स्क्रू कुणी आवळले ते त्यांनी विचारलं नाही. काळ्या डबीतला गाभा तडकला होता, त्याचा तुकडा आत अडकला होता. त्याच मापाची डबी मिरजेत भावाच्या माळ्यावर पडलेल्या एका जुन्या सेटात होती. "उद्या आणतो. लावायला परवाची संध्याकाळ लागंल. ज्ये स्टेशन पाहिजे, त्याच्यावरच लावाया पाहिजे."

शुक्रवार गेला, शनिवार गेला. त्या दोन संध्याकाळी आमच्या घरात रेडिओ नव्हता. शेजाऱ्यांकडे जाऊन बसले असते, पण त्यांच्या रेडिओवर तर ते केंद्र तेवढंही येत नसे. मी मुकाट्याने वाती वळत बसले.

रविवारी दुपारीच आम्ही दोघं गेलो. मिस्त्रींनी आधी सांगली केंद्र लावलं. आपल्या गावचंच, त्यामुळे आवाज दणदणीत आला. मला हायसं वाटलं, पण त्यांनी नाराजीने मान हलवली आणि सेट टेबलावर हळूहळू फिरवू लागले. फिरवता फिरवता एका कोनात आवाज इतका बारीक झाला, की श्वास रोखून ऐकावा लागे. तिथे ते थांबले.

"अहो, मोठा येत होता, तो बारीक कशाला केला?" ह्यांनी विचारलं.

"मोठ्या आवाजात फरक कळत न्हाई, सर. लग्नाच्या मांडवात कोण रडतंय कळतंय का? बारीक करून ऐकायचं."

मग त्यांनी ती बांबूची काडी काढली. लोखंड जवळ नेलं तरी डबीचा सूर हलतो, म्हणून बांबू. काडी पांढऱ्या स्क्रूत ठेवली आणि डोळे मिटले. त्यांची बोटं फिरताना मला दिसलीच नाहीत, पण त्या मुंगीएवढ्या आवाजाला अंग भरू लागलं. पुढे गेला, किंचित मागे आला, पुन्हा पुढे. तिथे ते सोडून देत आणि पिवळ्याकडे वळत. पुन्हा पांढऱ्याकडे. त्यांच्या कपाळावर घाम होता, डिसेंबर असून. हे गणिताचे प्राध्यापक, नेहमी चार प्रश्न विचारणारे. तेही हात मागे बांधून, देवळात उभं राहावं तसे उभे होते.

मध्येच मिस्त्रींची बायको हुसेनबी चहा घेऊन वर आली. तीनदा हाक मारली तरी मिस्त्रींनी डोळे उघडले नाहीत. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "बघा. घरच्या माणसाची हाक ऐकू येत न्हाई ह्यांना, आन लाहोरचं कुजबुजलेलं ऐकू येतंय."

"तू बारीक बोलत न्हाईस म्हणून," मिटल्या डोळ्यांनीच मिस्त्री म्हणाले.

दिवेलागणीला ते केंद्र हळूहळू उगवलं. आता खरं काम. मिस्त्रींनी तिन्ही डब्या एका सुरावर आणल्या तसं शेजारचं दांडगं केंद्र एकाएकी खाली गेलं, दार लोटून घ्यावं तसं. मला वाटलं झालं. पण वाचणाऱ्या माणसाचा आवाजही घोंगडीआडून आल्यासारखा झाला. ‘वल्द’ कळे, नाव बोबडं.

"गाळणी लय बारीक केली तर शेजारी जातो, पर त्येच्याबरोबर स, श, त, थ समदी जात्यात," मिस्त्री म्हणाले. "आपल्याला गाणं न्हाई ऐकायचं. नाव कळलं पायजे. दोन डब्या हितं, आन काळी डबी केसभर बाजूला. थोडा शेजारी यील. येऊ द्या. वैनी, तुमी शिकलेल्या. शब्द सुटा कवा होतो त्ये तुमाला कळंल."

आणि त्यांनी काडी माझ्या हातात दिली.

"मी?"

"तुमीच. हळू. तुमाला आवळायची सवय हाय."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कुणाकडेच बघितलं नाही. मी काडी काळ्या स्क्रूत ठेवली. बोटाखाली काही जाणवत नव्हतं, पण आवाजात सगळं होत होतं. केसभर डावीकडे, आणि तो माणूस दूर गेला. केसभर उजवीकडे, आणि दूरवर सनई ऐकू आली. त्या दोहोंच्या मध्ये, सांगता येणार नाही इतक्या अरुंद जागेत, शब्दाच्या कडा उमटल्या. एका परक्या गावात, एका परक्या खोलीत एक माणूस कागद बघून वाचत होता. त्याचा पान उलटल्याचा आवाज मला गणपती पेठेत ऐकू आला. चाळीस वर्षांत देवाच्या दारीही मला तसं काही वाटलं नव्हतं.

"सोडा," मिस्त्री म्हणाले. मी हात काढला.

"सिपाही आकाराम, वल्द कोंडीबा, गाँव म्हसवड, जिला सातारा."

पुढचं नाव पंजाबातलं होतं, त्याच्या पुढचं गढवालचं. दिनकरचं आलं नाही. मिस्त्रींनी टेबलाच्या खणातून कोऱ्या पोस्टकार्डांचा गठ्ठा काढला आणि माझ्यापुढे ठेवला. "लिवा. म्हसवडला पोचंल दोन दिसांत. माझं मराठी अक्षर कोंबडीच्या पायाचं, लोकांना वाचाया येत न्हाई. दुरुस्तीला आलेल्या सेटांवर ऐकून रोज कागदावर टिपत व्हतो, पर पुरतं नाव कवा कळलं न्हाई. आता तुमचा सेट चांगला झाला."

जिन्याखालून कुणीतरी ओरडलं, "काय मिस्त्री, पाकिस्तान लावलंय व्हय?"

मिस्त्री खिडकीशी गेले. "व्हय. आपल्या पोरांची नावं वाचाया लागल्यात तिथं. तुमच्या वळखीचं कोण असंल, ऐकाया या वर."

थोड्या वेळाने दोन हमाल वर आले आणि दाराशी बसले. एकाचा भाचा पलटणीत होता.

निघताना मिस्त्रींनी मेणबत्ती पेटवून सहाही स्क्रूंवर एकेक थेंब मेण सोडलं. "आता हात लावायचा न्हाई," ते म्हणाले. ह्यांच्याकडे बघून म्हणाले, माझ्याकडे नाही.

त्यानंतर रोज संध्याकाळी मी घरी ऐकायला बसू लागले. ज्या कोनात ते केंद्र स्वच्छ येई, त्या कोनात रेडिओ तिरका, स्वयंपाकघराकडे तोंड करून ठेवलेला असे. नावं स्पष्ट यायची. मी कार्डं लिहायची. भटिंडा, अलमोडा, रोहतक, बेळगाव. हिंदी मला बरं येत होतं. पण रोज शेवटचं नाव झालं, तरी मी रेडिओ बंद न करता बसून राही. आठवडा गेला, दुसरा गेला. वाटे, इतकं स्वच्छ ऐकू येतंय आणि माझंच नाव नाही, म्हणजे ते नाहीच.

जानेवारीत एक दिवस दारात एक म्हातारी उभी. डोक्यावर घडी केलेली घोंगडी, पायांवर माणदेशची धूळ. "कारड लिवणारी बाय हितंच ऱ्हाती न्हवं?" ती आकारामची आई, राहीबाई. म्हसवडहून एसटीने आली होती. आत आली ती सरळ रेडिओपुढे जाऊन बसली.

"ह्येच्यातनंच आलं व्हय नाव?"

"ह्याच्यातूनच."

तिने रेडिओवरून दोन्ही हात फिरवले आणि कानशिलावर बोटं मोडली. मग मागे वळून बघत म्हणाली, "आवं, ह्येला वाकडं का बशिवलंय? म्हसोबावानी?" मी कारण सांगितलं. तिला ते लगेच पटलं. "व्हय की. ऐकाया मान वळवावीच लागती." घोंगडी तिने माझ्यासाठी आणली होती. दिनकरचं कळल्यावर ती म्हणाली, "माझं नाव तू ऐकलंस. तुझं बी कुणीतरी ऐकलं आसंल." मी त्याला सांत्वन समजले.

तिला मी मिस्त्रींकडेही नेलं. ती त्यांच्या पाया पडायला वाकली तर ते टुणकन मागे सरले. "म्हातारे, पाया पडायचं तर वैनींच्या पड. शेवटचा सूर त्यांनी लावलाय." माझा चेहरा कसा झाला असेल कोण जाणे.

पुढच्या बुधवारी पोस्टमनने एक कार्ड आणून दिलं. दोन चुकीच्या घरी जाऊन, तीन शिक्के खाऊन आलेलं. पत्ता वेड्यावाकड्या इंग्रजीत, आणि मजकूर उर्दूत. मला त्यातलं एक अक्षर वाचता येईना. फक्त वर इंग्रजी आकड्यांत तारीख होती: २४-१२-७१. कार्ड हातात धरून मी तशीच मिस्त्रींच्या माडीचा जिना चढले.

मिस्त्रींनी आधी ते मनात वाचलं. त्यांचे ओठ हलत होते. मग चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचलं. लिहिणारा मुरादाबादचा एक निवृत्त रेल्वे गार्ड होता. त्याचा तिकडे कुणी नव्हता, पण तो रोज ऐकायचा, कारण त्याचा रेडिओ चांगला होता आणि त्याला संध्याकाळी काही काम नव्हतं. ‘आज शाम को आपके साहबजादे का नाम सुना. लेफ्टनंट दिनकर, वल्द हणमंतराव, सांगली. जख्मी है, मगर खैरियत से है. हो सकता है आपने भी सुना हो, फिर भी लिख रहा हूँ.’

मी खाली बसले. मिस्त्रींनी हुसेनबीला हाक मारली आणि ती पाणी घेऊन आली. बरंच झाल्यावर माझं लक्ष त्या तारखेकडे गेलं. चोवीस म्हणजे शुक्रवार.

"मिस्त्री," मी म्हटलं, "तो रेडिओ आपोआप बंद पडला नव्हता."

"ठावं हाय."

"मी आवळला नसता, तर त्याच संध्याकाळी..."

"न्हाई, वैनी." त्यांनी कार्ड माझ्या हातात दिलं. "तवा तुमच्या सेटाची गाळणी फाटकीच व्हती. तीन दिस तुमी कान लावून बसला, एक नाव तरी कळलं? त्या दिवशी बी दिनकरच्या जागी सनईच ऐकू आली असती. आन म्हसवडचं कारड कुणी लिवलं असतं?"

ते मला दिलासा देण्यासाठी बोलले की ते खरं होतं, हे मला आजही ठरवता येत नाही. हे म्हणतात, दोन्ही. मिस्त्रींनी लगेच कोरं कार्ड पुढे सरकवलं आणि मी सांगत गेले तसं ते मुरादाबादला उर्दूत लिहीत गेले. त्यांचं उर्दू अक्षर मात्र मोत्यासारखं होतं.

दिनकर पुढच्या वर्षाच्या शेवटी परत आला. डाव्या पायाने थोडा लंगडत, मिशी ठेवून. घरात शिरल्यावर त्यालाही पहिला प्रश्न हाच पडला, की रेडिओ असा वाकडा का ठेवलाय.

आता अठ्ठ्याहत्तर साल संपत आलं. मिस्त्रींच्या दुकानात नव्या तऱ्हेचे सेट येतात. नखाएवढ्या काळ्या चकतीत सगळं बसवलेलं, गाळणीसुद्धा कारखान्यातूनच लावून आलेली. परवा त्यांनी मला एक उघडून दाखवला. त्यांना वाईट वाटत असेल असं मी धरून चालले होते. पण तो उजेडाकडे धरून ते किती तरी वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "कुणीतरी आयुष्यभर ऐकलं आसंल, तवा ह्यात येवढं बसलंय."

दिनकर आता पुन्हा लांब आहे. त्याचं पत्र यायला दोन दिवस उशीर झाला तरी मी दाराची कडी दोनदा बघते, स्टोव्हवर हात धरून बघते. आमचा जुना ट्रान्झिस्टर त्याच जागी तिरका आहे. कधीतरी धूळ पुसायला मी त्याचं झाकण काढते. सहाही स्क्रूंवरचं मेण पिवळं पडलंय, पण जसंच्या तसं आहे.